पगारपत्रकातले दोनशे रुपये

फेब्रुवारीचा पगार जमा झाला, की माझ्या टेबलाशी कुणीतरी हमखास येतं. यंदा आली ती डिझाइनमधली मुलगी, नोकरीला लागून आठ महिने झालेली. मोबाइलवर पगाराची स्लिप उघडून तिनं माझ्यापुढे धरली. "मॅडम, पी.टी. दर महिन्याला दोनशे जातो. या वेळी तीनशे कसा?"

भोसरीतल्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी २४ वर्षं पगाराचं काम बघते, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. ११ महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाचे अडीच हजार. एरवी एवढ्यावर माणसं परत जातात. ही गेली नाही. "पण हा कापतात कशासाठी? इन्कम टॅक्स वेगळा जातोच की." मी म्हटलं, हा व्यवसाय कर, रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली सुरू झाला. ती जरा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी दर वाढदिवसाला एका वृद्धाश्रमात जेवण देते. मला द्यायचं नाही असं नाही. पण कुणाला द्यायचं ते मी ठरवीन ना. असं न विचारता कापून कसं घेतात?"

मुलगी कंजूष नाही आणि तिचा प्रश्न खोटा नाही. पुण्यात हा प्रश्न आता सगळीकडे ऐकू येतो, सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांत, सोसायटीच्या बैठकीत, आमच्या कॅन्टीनमध्ये. "आम्ही टॅक्स भरायचा आणि त्यांनी फुकट खायचं." त्याच्या जोडीला दुसरं वाक्य येतं, "त्यापेक्षा ज्याला मनापासून वाटेल त्यानं दान करावं, सरकारनं मध्ये पडू नये." मला हे पटत नाही. त्या दिवशी टेबलापाशी उभ्या उभ्या तिला माझी आजी तलावाच्या कामावर होती एवढंच सांगितलं, का पटत नाही ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझी आजी माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात घरातली बैलं गेली, विहिरीचा तळ दिसला आणि ती पाझर तलावाच्या कामावर गेली. त्या दिवसांतल्या दोन गोष्टी ती सांगायची. एक सुकडी, म्हणजे दुष्काळात फुकट वाटायचे ते पौष्टिक पीठ. सुकडीचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. मला लहानपणी वाटायचं, चव वाईट असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "चवीचं काय घेऊन बसलीस, पोटात आग पडली की समदं गोड. पर त्येला पदर पसरावा लागायचा." दुसरी गोष्ट कामावरची. दिवसभर चौकडी खणायची, मग मुकादम मापं घ्यायचा आणि मापाप्रमाणे मजुरी. एकदा त्यानं हिची चौकडी कमी धरली. आजी सगळ्या बायकांदेखत त्याच्याशी भांडली, टेप परत लावायला लावला आणि उरलेले पैसे घेतले. हे सांगताना सत्तरीतली आजी खाटेवर ताठ बसायची. लिहिता-वाचता न येणाऱ्या, दारिद्र्यानं गांजलेल्या बाईला सरकारच्या माणसाशी भांडायचं बळ कुठून आलं? मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, तिचं नाव होतं, एवढंच.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पिकं सलग बुडाली होती, तरीही जुन्या दुष्काळांसारखी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना त्याआधीच मांडली होती, आपल्या सांगली जिल्ह्यात करूनही पाहिली होती. दुष्काळानंतर ती योजना टिकवायची ठरली आणि पैशाचा प्रश्न आला. त्या वेळी महाराष्ट्रानं जे केलं त्याचा मला फार अभिमान वाटतो. शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर कर बसवला, तेवढीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची ठरवली आणि १९७७ मध्ये कायदा करून टाकला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा डोळ्यांपुढे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. त्या मुलीच्या स्लिपवरची पी.टी. नावाची ओळ अशी माणच्या तलावापर्यंत जाते. या निधीचा पैसा वेळेवर वळता होत नाही, पुरता खर्च होत नाही, या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत आणि मी त्या खोट्या म्हणणार नाही.

आता दानाकडे येते. पुण्यात राहून दानाला नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं होईल. १८६७ मध्ये उघडलेलं ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं. बंडगार्डनच्या बंधाऱ्याला जमशेटजी जिजीभॉय यांनी पैसा दिला. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा कुठलं सरकार त्यासाठी हात पुढे करणार होतं? समाजानं वाळीत टाकलं, तरी हा माणूस हिंगण्याहून पुण्यात पायी येऊन शिकवायचा आणि दारोदार वर्गणी मागायचा. १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलामुलींना निवारा देते आहे. आमच्या कंपनीतले दोन इंजिनिअर तिथल्या वसतिगृहात राहून शिकले. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं सुरू झालं, त्या काळात व्यसनी माणसाला आजारी समजायचीही कुणाची तयारी नव्हती. नवी वाट सरकारला सहसा दिसत नाही, ती अशा माणसांना दिसते. दानाचं हे मोल मी कधीच कमी लेखणार नाही.

पण दानाची एक खोड आहे आणि ती देणाऱ्याच्या चांगुलपणानं जात नाही. पात्र कोण ते देणारा ठरवतो.

याची पुण्यातली सगळ्यांत जुनी खूण पर्वतीच्या पायथ्याशी आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात तिथल्या रमण्यात, म्हणजे बंदिस्त आवारात, ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. दूरदूरहून हजारोंनी लोक यायचे. पैसा कुठला? सरकारी खजिन्यातला, म्हणजे शेतसाऱ्याचा, कुणब्यानं पिकवलेल्या धान्याचा. ज्यानं तो भरला त्याला रमण्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. इंग्रजी अंमलात ही दक्षिणा आटत गेली, आणि १८४९ मध्ये लोकहितवादींसह काही सुधारकांनी त्यातला काही पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा असा अर्ज केला, तेव्हा शहरात केवढा क्षोभ झाला! शतकानुशतकं दान ज्यांच्या पदरात पडलं, त्यांना तो आपला वारसा वाटू लागला होता.

माधुकरीचंही तेच. गरीब विद्यार्थी झोळी घेऊन पाच घरी जायचा, कुणी वार लावून जेवायचा, आणि शिकून मोठा व्हायचा. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण पुण्याच्या पेठांतली ती अन्नाची वाटी कुठल्या मुलाच्या झोळीत पडायची आणि कुठल्या मुलाला तो ओटाही चढता यायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाढणारी गृहिणी वाईट नव्हती. तिची माया तिच्या ओळखीच्या जगाएवढी होती. माझीही तेवढीच असते, त्या डिझाइनमधल्या मुलीचीही. महापालिकेच्या शाळेत आज दुपारी ताटात खिचडी पडते तेव्हा पंगतीतल्या पोराला जात विचारत नाहीत, आणि ते आवडतं आहे की नावडतं असं कुणी बघत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये शाळांत शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, त्यामागे करातून येणारा पैसा होता म्हणून तो आदेश खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचू शकला. खिचडीत अळ्या निघाल्याच्या बातम्या मीही वाचते आणि माझाही जीव तळमळतो. पण त्या बातम्या होतात, चौकशी होते, कंत्राट जातं. माधुकरीत शिळं वाढलं तर त्या मुलानं कुणाकडे जायचं होतं?

जोतीराव फुल्यांनी दोन्ही करून पाहिलं होतं. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, त्यासाठी लोकांकडे मदत मागितली. सावित्रीबाई तर प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच १८९७ मध्ये गेल्या. दान, सेवा, त्याग यांत या जोडप्याला कोण शिकवणार? तेच जोतीराव १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे गेले, तेव्हा त्यांनी दानशूरांना आवाहन करा असं सांगितलं नाही. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तो रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर करा आणि ते शिक्षण वयाच्या १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. हा हिशोब होता, याचना नव्हती. याच पुण्यातून गोखल्यांनी पुढे १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि ते नामंजूर झालं. शाहू महाराजांनी मात्र आपल्या संस्थानात १९१७ मध्ये ते करून दाखवलं.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. पर्वतीच्या उतारावर, त्या जुन्या रमण्यापासून फार लांब नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन सांगितलं. जवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी त्यांच्यासोबत गेले. कायदा मला माहीत होता. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन. मावशी त्यात बसत होत्या.

समाजसेवा विभागाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. बाकी सगळे चपला घालूनच आत जात होते. खिडकीतल्या माणसानं रेशनकार्ड पाहिलं, आधार पाहिलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पाहिला आणि दाखला गेल्या वर्षीचा आहे, नवा आणा म्हणाला. त्या दाखल्यासाठी मावशींचे आधीच तीन खाडे झाले होते. मी विचारलं, आज निर्धनांच्या किती खाटा रिकाम्या आहेत ते फलकावर का नाही? तो म्हणाला, "मॅडम, आम्ही मदतच करतो ना सगळ्यांना." माझा आवाज चढला. "मदत कसली, हा त्यांचा हक्क आहे, कायद्यात लिहिलंय." तेवढ्यात मावशींनी माझी ओढणी धरून हळूच ओढली. "ताई, असं मोठ्यानं नका बोलू. त्यांना राग आला म्हंजी?"

नवा दाखला काढला, पंधरा दिवस गेले, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी मनापासून केलं. पण माझ्या ओढणीला बसलेला तो झटका विसरता येत नाही, कारण याच मावशींना मी रेशनच्या दुकानात पाहिलं आहे. तिथे त्या कमरेवर हात ठेवून उभ्या असतात. "काटा नीट लाव. माझ्या कार्डावर किती आलंय ते मला मोबाइलवर दिसतं." दुकानदार कुरकुरतो आणि मूठभर गहू वाढवून घालतो. दोन्हीकडे बाई तीच आणि गरिबीही तीच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तिच्या नावावर धान्य लिहिलं आणि ते तिला कळलं. रुग्णालयातली खाटही कायद्यानं तिचीच होती, पण दारावर धर्मादाय लिहिलेलं होतं आणि त्या शब्दापुढे तिच्या पायातल्या चपला निघाल्या.

आणि त्या खाटेचा पैसा तरी कुठून येतो? धर्मादाय म्हणून रुग्णालयाला आयकरात सूट असते. कुणाला सरकारी जमीन नाममात्र दरात मिळालेली असते, कुणाला जादा चटईक्षेत्र. निर्धन रुग्णांच्या निधीत बाकी रुग्णांच्या बिलांतले २ टक्के जातात. म्हणजे तोही एक प्रकारचा करच झाला, फक्त तो गोळा करणारा आणि वाटणारा लोकांना उत्तर द्यायला बांधील नाही. देणगीदाराचंही पाहा. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं देणगीच्या करसवलतीखाली (८०जी) निम्म्या वजावटीच्या संस्थेला १० हजार दिले, तर साधारण दीड हजार रुपये त्याचा कर वाचतो. मार्च आला की माझ्याकडे या पावत्यांचा ढीग जमतो. त्या देणगीतले दीड हजार तुमचे-माझे, मावशींचेही असतात, पण पावतीवर आणि भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर नाव एकाचंच लागतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं ते यालाच म्हणतात.

मावशींचे कसे, असं कुणी विचारेल. त्या कुठे टॅक्स भरतात? त्या मोबाइलचा रिचार्ज करतात, त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. नातवाच्या पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरही सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्केच होता, आता ५ आहे. साबण, चहापूड, मुलाच्या दुचाकीचं पेट्रोल, सगळ्यात कर आहे. मिळकतीच्या मानानं त्यांच्या हातून जाणारा हिस्सा लहान नाही. फरक एवढाच की त्यांना स्लिप मिळत नाही. "आमच्या टॅक्सवर" म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनाशी मांडून पाहावं. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी ती गेली होती, २०२३ मध्ये परत आली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकानं त्या सवलतीचा पीटी-३ अर्ज भरला, मीही भरला. कुणालाही ते फुकट खाणं वाटलं नाही, हक्क वाटला. तो हक्कच आहे. मग मावशींच्या खाटेला वेगळा शब्द का?

त्या मुलीचा दुसरा मुद्दा होता सक्तीचा. यावर मला ऑगस्ट २०१९ आणि एप्रिल २०२० एकत्र आठवतात. सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आमच्या कंपनीत एक दिवसाचा पगार देण्याचा फॉर्म फिरला. दोन तासांत सगळ्यांच्या सह्या झाल्या, कँटीनच्या पोरांनीसुद्धा केल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पगारात कपात झाली, आणि एका बालगृहासाठी दरमहा पगारातून शंभर-दोनशे देणारे आमचे ४१ जण होते, त्यातल्या २३ जणांचे वर्गणी थांबवा म्हणून मेल आले. मी एकालाही दोष देत नाही, त्यांच्या घरातही तंगी होती. पण बालगृहातल्या मुलांची भूक त्या महिन्यात थांबली नव्हती. जेव्हा सगळ्यांचे हात रिकामे होतात तेव्हाच मदतीची निकड सर्वांत जास्त असते, आणि दान नेमकं तेव्हा आटतं. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ नंतर, पहिल्या दिवसांत पुणेकरांनी एकमेकांना भाकरी, कपडे, घोंगड्या दिल्या. माझ्या सासूबाई ते अजून सांगतात. पण लोक निस्सेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत राहिले, पुढे गोखलेनगर आणि सहकारनगरच्या वसाहती उभ्या राहिल्या, ते काम घोंगड्यांच्या गाठोड्यातून होणारं नव्हतं. त्याला जमीन लागते, नकाशे लागतात, वर्षानुवर्षं पैसा लागतो.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल थोडंच सांगते. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. चांगली कामं होतात, ती मी पाहिली आहेत. पण एका शाळेतला दप्तरवाटपाचा कार्यक्रमही पाहिला आहे. चौथीतली मुलं उन्हात रांगेनं उभी, प्रत्येकानं दप्तर छातीशी असं धरायचं की त्यावरचं कंपनीचं नाव फोटोत यावं. एका मुलीनं उलटं धरलं, तर बाईंनी येऊन सरळ केलं. आणि हा पैसा आधी जातो तो कारखान्याच्या आसपास, चाकणला, हिंजवडीला. नंदुरबारच्या पाड्यावर कारखाना नाही.

आता सगळ्यांत जड आक्षेप. सरकार पैसा खातं, मग त्याच्या हाती का द्यायचा? यावर मी सरकारची वकिली करणार नाही. ससूनच्या वॉर्डात जमिनीवर झोपलेले रुग्ण मी पाहिले आहेत, एकेका सहीसाठी तालुक्याला घातलेल्या खेपा मला माहीत आहेत. पण कराच्या पैशाबद्दल मी माहितीच्या अधिकारात अर्ज करू शकते, नगरसेवकाला दारात गाठू शकते, न्यायालयात जाऊ शकते, मत देऊन सरकार बदलू शकते. देणगीदारानं हात आखडता घेतला तर त्याला जाब विचारायचा अधिकार कुणाला? गळक्या बादलीवर उपाय तिला कल्हई करण्याचा आहे, पाणी भरायचं बंद करण्याचा नाही.

या बाबतीत मला राज्यकर्त्यांचा दानशूरपणा जास्त छळतो. जुलै २०२४ पासून राज्यात 'लाडकी बहीण' योजनेत बहिणींना महिन्याला दीड हजार रुपये मिळू लागले. मावशींनाही मिळतात, त्यातून त्यांनी नातीच्या शिकवणीची फी भरली, मला आनंद आहे. पण हा पैसा देताना ओवाळणी म्हणतात, फलकांवर नेत्यांचे फोटो लावतात, भाऊ म्हणून मिरवतात. कुणाची ओवाळणी? बहिणीनं भरलेल्या करातलेच पैसे तिला भावानं घातले म्हणायचं? मग निकष बदलले, नावं वगळली, की ती गप्प बसते, कारण ओवाळणीबद्दल भांडायचं नसतं. रमण्यातली दक्षिणाही अशीच होती. पैसा रयतेचा आणि रीत दानाची. कर गोळा करूनही जर तो उपकार म्हणून वाटायचा असेल तर फुल्यांनी हंटरपुढे मांडलेला हिशोब आपण वाया घालवला असं म्हणावं लागेल.

आणि कर न्याय्यही हवा. माझ्या रोजच्या कामातलीच गोष्ट सांगते. व्यवसाय कराला राज्यघटनेच्या कलम २७६ नं वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ मध्ये ती २५० वरून २५०० झाली, त्यानंतर एक रुपयाही हलली नाही. महाराष्ट्रात दरमहा १० हजारांच्या वर पगार गेला की पूर्ण कर. महिलांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत सूट आहे, ते चांगलं झालं. पण मशिनवर १६ हजारांत राबणारा हेल्पर आणि महिन्याला अनेक लाख घेणारे आमचे सर्वांत वरचे साहेब, दोघांच्या स्लिपवर आकडा एकच, २००. दर महिन्याला हे दोन आकडे मी एका खाली एक टाइप करते. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला, वारसा म्हणून मिळणाऱ्या इस्टेटीवरचा कर १९८५ मध्येच गेला होता, २०१९ मध्ये कंपन्यांचा आयकरही खाली आला. बिस्किटावरचा मात्र होता. ज्याला कराबद्दल खरोखर राग आहे त्यानं या रचनेविरुद्ध बोलावं. ही मर्यादा वाढवा, हेल्परला सोडा, साहेबांकडून जास्त घ्या, आणि त्या निधीचा दर वर्षी पै न् पैचा हिशोब छापा, अशी माझी साधी मागणी आहे. वृद्धाश्रमात जेवण द्यायला त्यानं कुणालाच अडचण येणार नाही. त्या मुलीनं ते देत राहावं, मीही देते.

मार्चच्या पगाराचं काम करताना मी आयटीतल्या मुलाला विचारलं, स्लिपवर पी.टी.च्या ओळीखाली काही लिहिता येईल का? तो म्हणाला, एक ओळ बसेल, बारीक अक्षरात. मी कागदावर लिहून दिलं, "व्यवसाय कर : रोजगार हमी योजनेसाठी १९७५ पासून." परवा स्लिपा गेल्या. डिझाइनमधली ती मुलगी दुपारी आली, मोबाइल पुढे केला आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, तुमच्या आजी होत्या तो तलाव अजून आहे का?" आहे, म्हटलं. पावसाळ्यात भरतो.